शेवटच्या बांधीची हाक

आश्विन वद्य पंचमी, नवेगाव बांध

आज पुन्हा मन भरकटलं. तलावाच्या तुडुमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं, दार मीच उघडतो नि मीच लावतो. मालगुजारांनी दिलेलं हे काम तीस वर्षं करतोय, पण दार लावण्यात चूक कधी झाली नव्हती. धानाच्या शेवटच्या बांधीत पाणी पोचलं की शेतवाला खालून हाक देतो, मग दार लावायचं. साधी गोष्ट. आज वहिनीच्या शेताला पाणी द्यायची पाळी होती. दार उघडून दगडावर बसलो. आधी पाण्याकडेच बघत होतो, मग कुठे गेलो कोण जाणे. "झालं रे!" हाक आली. उठलो, दार लावलं, घरी आलो.

संध्याकाळी वहिनी दारात. "भाऊजी, अर्ध्यातच पाणी काऊन बंद केलं जी? खालच्या दोन बांध्या कोरड्याच आहेत."

"तुम्हीच हाक दिली ना?"

"मी कायले देऊ? मी तं पाण्याची वाट पाहून राहिली होती."

झालं रे. वहिनी मला असं कधीच म्हणत नाही. त्या शेतातून असं ओरडायचा तो दादा, आणि त्याला जाऊन सात वर्षं झाली. हे तिला सांगायचं नव्हतं, पण तोंडून गेलं. म्हातारं मन, दुसरं काय? जपाला बसलो तरी दहा मण्यांत भरकटतो. पण दार लावणारे हात तर माझेच होते ना?

वाटलं, वहिनी चिडेल. ती उंबऱ्यावरच बसली. मग हळूच म्हणाली, "उद्या पुन्हा पाणी सोडा. मी हाक देणार नाही. तुम्ही आयकून पाहा जी."