बाईच्या घरामागचा राब

बा, तू गेल्याचं मला आठ महिन्यांनी कळलं, आपल्याकडच्या एका खलाशाकडून. ऐकलं आणि घोड्यांना पाणी पाजायला गेलो. अजून तसंच आहे. रडू येत नाही.

मी लय लांब आहे, ऑस्ट्रेलियात. मुंबईला घोडे उतरवून परत निघालेल्या आगबोटीवर चढलो, तो इथं. गाव आपल्या शेजारच्या कशेळ्याएवढंही नाही, पण ह्या एका बाईच्या घराची जागा बघशील तर आपली सगळी खाचरं तिच्यात मावून वर बैलांना चरायला उरेल. घर मात्र दोन खोल्यांचं, पत्र्याचं. मागं कोणी काही लावत नाही. गवत वाढतं आणि वाळतं. बाई म्हातारी, एकटी. तिचे घोडे मी बघतो. ती म्हणाली, मागं हवं ते पेर, मागची खोली तुझी, राहा. मी आजवर कुठं टिकलो नाही. इथं टिकावंसं वाटलं.

म्हणून चैत्रात पेरायची जमीन भाजायला राब रचला. तुझ्यासारखाच: शेण, टहाळ, वाळलं गवत, वर मातीचा थर, भोवती जमीन खरवडून. सकाळी गवताची काडी सोडून वारा पाहिला आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवला, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर सावकाश चढेल, बाहेर पसरणार नाही. छान चालला होता, बा. तेवढ्यात धूर बघून माणसं ओली पोती घेऊन धावत आली. इथं ह्या दिवसांत आगीला वाघाइतकं भितात, मला ठाऊक नव्हतं. बडवून विझवला. शेजारी ओरडत होता, ह्याला आजच घालव. बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांच्यापुढं चुकलं म्हण. मग राहशील."

मला आपल्या गावचा, कडावचा तो दिवस दिसला. शेजाऱ्याची पेंढ्याची उडवी जळून काळी झालीय. तू हातात आग बडवायचा टहाळ घेऊन उभा. मी कर्जतहून परत येतोय, घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडतात ते बघून. राब पेटवून गेलेला मीच.

"काय रं, गाव जाळतोस काय?" शेजारी तुला म्हणाला.

"चुकलं," तू म्हणालास. "वारा नाय कळला मला."

"तुला? अख्खं गाव तुला इचारून राब लावतं, आन् तुलाच वारा नाय कळला?"

सगळे हसले. तू आपला पेंढा त्याला दिलास. मला एवढंच विचारलंस, "वारा फिरला व्हय रं?" मी हो म्हटलं. पुढल्या साली कोणी तुला विचारायला आलं नाही. लोकांच्या राबांचा धूर तू ओट्यावर बसून बघत होतास. त्याच पावसाळ्यात मी घर सोडलं.

इथं मी शेजाऱ्यापुढं गेलो आणि म्हणालो, चुकलं, वारा नाही कळला. तुझेच शब्द, मोडक्या इंग्रजीत. तो गेला. खोली राहिली. बाईनं चहा दिला, तो प्यालो. चव लागली नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी वारा फिरला नव्हता. उलट्या बाजूनं लावला असता तर राब संपायला दुपार झाली असती, आणि घाटाची गाडी निघून गेली असती. मला वारा कळला होता, बा. दोन्ही वेळेला.