कूलर बंद करून ऐकलेला चेलो

मंगळवार, मे. राजापेठ, संध्याकाळ

आज मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कूलर बंद केला. स्वतः उठून. अजून खरं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते.

पल्लवीने, तिने वाजवलेल्या सिनेमाचं नुसतं संगीत पाठवलं होतं. गाणी नाहीत, संवाद नाहीत. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदात माझ्या लेकीचा एक चेलो, ते मोठं, जाड आवाजाचं व्हायोलिन. थेटरात मला तो ऐकूच आला नव्हता, हीरो एकसारखा ओरडत होता. आज घरी स्पीकरवर लावलं, तर कूलरची घरघर. पण मे महिन्यात अमरावतीत सासऱ्यांसमोरचा कूलर बंद करायची कोणाची छाती? वलगावहून त्यांच्या भावाचा फोन आला तरी मामाजी कूलर बंद करत नाहीत, त्या घरघरीच्या वर ओरडून बोलतात.

मधेच सगळी वाद्यं थांबली. एकच जाड, संथ सूर उरला.

"मामाजी, हे आपली पल्लवी."

"एवढी शिकून नात बँडवाली झाली," असं चार लोकांत म्हणणारे मामाजी. उठले, भिंत धरत गेले आणि कूलरचं बटण दाबलं.

मग काय ऐकू आलं, ते मला लिहिता येणार नाही. तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. की मलाच तसं वाटलं? असू दे. माझी पोरगी आहे.

संपल्यावर मी कूलर लावायला उठले. घामाने मामाजींच्या बनियनचं पाणी पाणी झालं होतं.

"राहू दे तो," म्हणाले. "तिचं लाव पुन्हा. अन् वलगावले फोन लावून दे, त्याले बी आयकू दे."

साडी पाठीला चिकटली आहे. कूलर अजून बंदच आहे.