कॅमेऱ्यातली खोली

३ फेब्रुवारी, सोमवार
राइट टाउनच्या ऑफिसात आज रुजू झाली. मस्त वाटलं! काम सोपं: नवीन ॲप फोनवर चालवून चुका शोधायच्या. फोन मात्र खरा नाही, कॉम्प्युटरमध्येच बनवायचा. मॉडेल निवडलं, मेमरी दिली, चालू केला. पडद्यावर बटणांसकट अख्खा फोन उभा! त्याचा कॅमेरा उघडला की एक खोटी खोली दिसते. सोफा, टीव्ही, मांजर. बाण दाबत आत फिरता येतं. मला हसूच आलं.

५ फेब्रुवारी, बुधवार
सोफ्यावर एक बाई पाठमोरी बसली आहे. बाकी कोणाच्याच फोनमध्ये नाही. मालक भाऊरावजी म्हणाले, हा फोन पुसून टाक, नवा बनव. बनवला. त्यातही ती.

६ फेब्रुवारी
आज तिने मान वळवली. शेजारच्या टेबलावरच्या ज्योतीदीदीने पाहिलं अन् रडायलाच लागली. "अगं, ही तर अवंती! तुझ्याच खुर्चीवर बसायची." दिवाळीआधी एका दुपारी काम करता करता नाहीशी झाली म्हणे. स्कूटी खाली तशीच, चपला टेबलाखाली. तिचे वडील बाबाराव दर महिन्याच्या दहा तारखेला सिहोऱ्याहून बसने येतात, काही कळलं का विचारतात.

७ फेब्रुवारी
भाऊरावजी म्हणाले, म्हातारा यायच्या आत सगळं साफ कर, नाहीतर ऑफिसला टाळं लागेल. मी सरळ नाही म्हटलं. काहून पुसू? आत माणूस आहे! काढायचं तर मला नोकरीवरून काढा.
अवंती ओठ हलवते. आवाज येत नाही.

१० फेब्रुवारी, सकाळ
बाबारावांना फाटकावरूनच थेट आणून पडद्यासमोर बसवलं. म्हणाले, "बेटा, चल घरी."
ती उठली. काचेपर्यंत आली. सोफ्यामागून काळं काहीतरी— तिच्या कमरेला विळखा—

साडेदहा
भाऊरावजी कॉम्प्युटरची तार ओढायला धावले. मी आडवी आली. हात लावून दाखवा, म्हटलं.
तिची बोटं बाहेर आली. गार. खरी. डाव्या हाताने धरली आहेत, उजव्याने लिहून राहिली. उद्या कोणी खोटं म्हणू नये. बाबारावांनी मला मागून धरलं आहे. ओढून राहिलो आम्ही. मनगट आलं— कोपर—
नाही. हे कोपर माझं. काचेच्या आत—
तरी सोडणार नाही. ऐकून राहिलास का, आत जो कोणी आहेस तो? नाही सोडणार. अवंती, घट्ट ध—