उजव्या हाताने दिलेले कागद

ती. आईस, इकडे आखातातून, जिदहफ्सहून प्रवीणचा नमस्कार.

अक्षर वाकडं दिसेल, घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. मशीनमध्ये सापडलेल्या उजव्या हाताची जखम भरली, पण बोटं अजून धड वळत नाहीत.

नुकसानभरपाई ठरवायला विमा कंपनीने त्यांच्या खाजगी डॉक्टरकडे पाठवलं. त्याने कागद मागितले. डाव्या हाताने कसे द्यायचे? कळ सोसून उजव्याने दिले, वर हसलोसुद्धा. त्याने एवढंच बघून लिहिलं, ‘हात चालतो.’

मी हरकत घेतली, म्हणून रविवारी फेरतपासणी आहे. तोवर एका जागी बसवत नाही. वर्कशॉपच्या दारापर्यंत जातो आणि उगाच परत येतो. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?

लहानपणी डाव्या हाताने काही दिलं की तू चापट मारायचीस. रविवारी कागद डाव्याच हाताने देणार आहे. रागावू नकोस.

तुझा
प्रवीण