डाव्या हाताचा सलाम

अण्णा, गणपतीच्या तसबिरीची काच तडकली म्हणून मल्लेश्वरमच्या फ्रेमवाल्याकडे नेली होती. त्यानं मागचा पुठ्ठा काढला आणि म्हणाला, "अक्का, स्वल्प नोडी," जरा बघा. आत घडी घातलेलं महायुद्धातलं पोस्टर. नौदलात भरती व्हा म्हणणारं, तुमच्या छापखान्यातलं. गोरा खलाशी, चिनी खलाशी, आपला खलाशी, खांद्याला खांदा लावून सलाम करताना. मागे दोस्त राष्ट्रांची निशाणं. आपल्या खलाशाला काकाचा, तुमच्या धाकट्या भावाचा चेहरा.

हेच ते! तुमच्या या पोस्टरपायी काका बोटीवर गेला आणि परत आला नाही, असं आजी जन्मभर म्हणायची. तुम्ही पाटावर मान खाली घालून जेवताय, चुलीशी आई भाकरी थापतेय. पंधरा वर्षांची मी, मोठी शहाणी, आजीचं ऐकून एकदा तुमच्या तोंडावर म्हणाले, "काकाला तुम्हीच मारलंत." तुम्ही ताकाची वाटी बाजूला सारलीत, हात धुतलेत आणि कामावर गेलात.

पोस्टरच्या पाठीवर पेन्सिलीनं तुमचं अक्षर आहे. 'आईनं घराबाहेर काढल्यावर धाकटा भरती झाला, त्याला सहा महिने झाले. आठवेल तसा काढला. सलाम डाव्या हाताचा उठला. साहेबांनी रद्द केलं.' छपाईच्या दगडावर उलटं काढलं की कागदावर सुलटं उठतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. निशाणं, अक्षरं, गोरा, चिनी, सगळं बिनचूक उलटं काढलंत. भावाला तेवढं समोर उभा असल्यासारखं सरळ काढून बसलात! म्हणजे हे पोस्टर एकाही भिंतीवर लागलं नाही, आणि काका तर त्याच्या आधीच गेला होता. अहो, मग बोलला का नाहीत? आजीनंच त्याला घराबाहेर काढलं होतं, ते तिला सोसलं नसतं म्हणून? दुकानातच मला रडू फुटलं, आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! फ्रेमवाला बिचारा "सरी अक्का, सरी," असू दे, असू दे म्हणत चहा मागवत होता.

पोस्टर आता हॉलमध्ये लावलंय. येईल त्याला सांगते, आमच्या अण्णांनी कुणाला मरायला पाठवलं नाही. काल येलहंक्याहून नात आली, तिला पाठीवरचं सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "पण आजी, पणजोबांनी मरायला पाठवलं असं कोण म्हणायचं गं?"

"माझी आजी," मी म्हटलं. तेवढंच सांगितलं, अण्णा. माझं नाव घेतलं नाही.