झाकलेला कोंबडा आणि पाच जणांचा बाक

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी ७.
कालचा रविवार असा. सून मारसाली हॉस्पिटलात ड्यूटीवर. मुलगा रुअरी समुद्रात, सामन माशांच्या पिंजऱ्यांवर. माशांना म्हणे वार कळत नाही. जुळ्या नाती आयला आणि यूना, वय तेरा, एका चार्जरवरून एकमेकींच्या झिंज्या धरून जिन्यावरून खाली आल्या. चौदा पायऱ्या, हात न सोडता. चर्चमध्ये मी एकटा. आमचा बाक पाच जणांचा. माझी बायको एफी होती तोवर निदान दोघं होतो. जाण्याआधी म्हणाली होती, तोरमॉड, एकदा तरी सगळे त्या बाकावर बसा रे, आणि भांडू नका.
संकल्प: ६ ऑक्टोबरला प्रभुभोजनाचा रविवार. त्या दिवशी पाच जण, एक बाक. मग एक टेबल, एक मटणाचं सूप, मग झोप. पाच आठवडे हातात आहेत. देवाने सगळं जग सहा दिवसांत उरकलं.

मंगळवार, ३ सप्टेंबर. रात्री झोप नाही.
शाळेतली कविता आठवत पडलो. मास्तरांनी स्वतः रचलेली.
थांब वाऱ्या, दार ओढ,
थांब लाटे, पाय पूस,
आज कुणाला काम नाही...
चौथी ओळ काही केल्या येत नाही. वर्गातही हीच अडली होती. मास्तरांनी चामड्याचा पट्टा काढून दोन्ही तळहातांवर सहा-सहा दिले. काय प्रेमळ माणूस. आणि वर्गात शांतता काय असायची.

बुधवार, ४ सप्टेंबर. रात्रीचं जेवण झाल्यावर.
नियम वाचून दाखवले. बटाटे शनिवारी सोलायचे, बूट शनिवारी पुसायचे, फोन शनिवारी संध्याकाळी सहाला बिस्किटांच्या डब्यात. रविवारी गाडी चर्चखेरीज कुठेही न्यायची नाही, मग कोणी का मरेना. मारसालीने विचारलं, माझ्या पेशंटांना मी शनिवारीच बरं करून ठेवू का. तिला शांतपणे समजावलं, की गरजेचं काम आणि दयेचं काम शब्बाथला, म्हणजे रविवारच्या विश्रांतीच्या दिवशीही, चालतं, हे आपल्या चर्चच्या प्रश्नोत्तरीत लिहिलेलंच आहे. पोरी लगेच ताठ बसल्या. म्हणाल्या, आजोबा, हे परत सांगा. दोन वाक्यं लिहूनही घेतली. धर्माची गोडी लागतेय.

शनिवार, ७ सप्टेंबर. संध्याकाळी ५.
बटाटे सोलले. साडेतीन किलो. यूना म्हणाली आयला जाड सालं काढते. आयला म्हणाली तुझं नाकही जाडच आहे, ते सोलू का. सोलून पाहिलं. फार नाही, शेंड्याला. झटापटीत आयलाच्या अंगठ्याला तीन टाके. मारसालीने स्वयंपाकघरातच घातले, त्यामुळे रविवारी कुठे जावं लागणार नाही. नियोजनाचा फायदा.

सोमवार, ९ सप्टेंबर.
काल बाकावर मी आणि पोरी. तिघं. प्रगती दोनशे टक्के. दुसऱ्या स्तोत्रापर्यंत सगळं शांत. मग यूनाने पेपरमिंटची गोळी आयलाला न देता थेट मला दिली. आयलाने स्तोत्रसंहितेने तिच्या कानाखाली वाजवली. जाड पुठ्ठ्याची प्रत, माझ्या आजीची. पाळकसाहेब मध्येच थांबले. बाहेर आल्यावर जाब विचारला, तर आयला म्हणाली मारणं गरजेचं होतं, आणि एकदाच मारलं ही दया. उत्तर प्रश्नोत्तरीतलं. 
शेजारचे आयव्हर, मंडळीचे पंच, फाटकापाशी भेटले. म्हणाले, तोरमॉड, तुझ्या घरातून शब्बाथला जेवढा आवाज येतो तेवढा आठवडाभर बंदरावर येत नाही. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून दुर्लक्ष.

शनिवार, १४ सप्टेंबर.
आमच्या लहानपणी शनिवारी गावातले झोके साखळीने बांधत. सुंदर दृश्य. आमचा भाऊ एकदा रविवारी साखळी सोडून झोक्यावर बसला. वडिलांनी त्याला त्याच साखळीने बाकाला बांधून प्रार्थना ऐकवली. दिवसभर घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल. आज पोरींच्या ट्रॅम्पोलिनला बोटीची जुनी साखळी गुंडाळली. कुलूप सापडलं नाही, गाठ मारली.

रविवार, १५ सप्टेंबर. दुपारी २.
(लिहिणं हे काम नाही. आठवण आहे.) रुअरी पहाटे पिंजऱ्यांवरून परतला, अंधारात गाठ सुटलेल्या साखळीला अडखळून तोंडावर पडला. पुढचा दात. रक्त पुसत त्याने साखळी उचलून मागच्या दारात भिरकावली, आणि जे शब्द वापरले ते आमच्या घरात शेवटचे १९७१ साली मेंढीच्या बाळंतपणात ऐकले होते. त्या तोंडाने चर्चला येववत नाही म्हणाला. मी म्हटलं स्तोत्राला पुढचे दात लागत नाहीत. त्याने दार आपटलं. दाराची बिजागरी सैल होतीच.

शनिवार, २१ सप्टेंबर. सायंकाळ.
मूळ दोष सापडला. कोंबडा. आमच्याकडचा कर्नल रविवारी सकाळी कोंबड्यांवर चढतो, अंगणभर धुमाकूळ, आणि घर त्याचं पाहून बिघडतं. माझे वडील शनिवारी संध्याकाळी कोंबड्याला डालग्याखाली झाकत, सोमवारी सोडत. त्या कोंबड्याने कधी तक्रार केली नाही. (एकदा त्याने वडिलांचा अंगठा फोडला. वडिलांनी त्याचं सूप केलं. सोमवारी.)
मारसाली म्हणाली, बाबा, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी म्हटलं, मला तांबडं थांबवायचं नाही, फक्त कोंबडा.

सोमवार, २३ सप्टेंबर.
कर्नल हाती लागला नाही. माझ्या कपाळावर दोन भोकं, मनगटावर एक. यूनाने माझ्या मदतीला फावडं फेकलं, ते आयलाच्या नडगीवर. मग आयलाने फेकलं. मग खिडकी. आयव्हर पडद्याआड उभे होते. पडदा हलत होता आणि वारा नव्हता.
तरी काल बाकावर तिघं होतो. सर्वांना पट्ट्या होत्या, पण पांढऱ्या आणि स्वच्छ.

सोमवार, ३० सप्टेंबर. रात्री ९.
आज मारसालीने समोर बसवलं. म्हणाली, बाबा, ड्यूटीवर मी अनोळखी माणसांचं रक्त पुसते, घरी येऊन आपल्याच माणसांचं. आईंनी सांगितलं होतं म्हणून एक रविवार तुम्हाला देते. सहा तारखेची ड्यूटी बदलून घेतली आहे. रुअरीनेही पिंजऱ्यांवर बदली माणूस लावला आहे. पाचही जण येऊ. पण त्यानंतर हा विषय बंद.
तिला वाटलं ती अट घालते आहे. मी जिंकलो. एफीचा फोटो उगाचच पुसला.

शनिवार, ५ ऑक्टोबर. रात्री १०.
सगळं तयार. पाच जोडी बूट ओळीने. बटाटे मी एकट्याने सोलले. सूप चुलीवर, झाकण घट्ट. फोन डब्यात. बाहेर तुफान वारा, म्हणून कर्नलला (ब्लँकेट टाकून पकडला, एक नख गेलं, माझं) डालग्यासकट स्वयंपाकघरात ठेवलं. वर इस्त्री. सगळे दहाच्या आत झोपले. घर असं शांत, जसं माझ्या लहानपणी. थांब वाऱ्या, दार ओढ. चौथी ओळ उद्या बाकावर नक्की आठवेल.

मंगळवार, ८ ऑक्टोबर. स्टॉर्नोवे, हॉस्पिटल. डाव्या हाताने.
रविवारचा वृत्तांत, क्रमाने.
साडेदहा. पाचही जण कपडे करून स्वयंपाकघरात. रुअरीला टाय. मुद्दाम लिहून ठेवतो: पाचही जण निघाले होते.
कर्नल डालग्याखाली आरवायला लागला, आत कुणी गळा दाबल्यासारखा. आयला म्हणाली हे बघवत नाही, ही दया आहे, आणि इस्त्री उचलली. यूना म्हणाली खबरदार, तिला रोखणं ही गरज आहे, आणि तिचा हात पिरगाळला. इस्त्री मारसालीच्या पायावर. डालगं उलटलं. कर्नल टेबलावर, टेबलावरून चुलीवर. सुपाचं भांडं रुअरीच्या पँटवर. रुअरीने फ्रायपॅन उचललं. मी त्याच्या आणि कोंबड्याच्या मध्ये उभा राहिलो. म्हटलं, थांब, आधी ठरवू, शब्बाथला कोंबडा मारणं गरजेत येतं की दयेत. रुअरी म्हणाला, बाबा, बाजूला व्हा. मी म्हटलं, प्रश्नोत्तरीत...
फ्रायपॅन माझ्यावर. उजवं हासळीचं हाड. आवाज स्वच्छ आला.
मागे सरकताना दारातली साखळी पायात आली. घोटा, दोन ठिकाणी.
मारसाली लंगडत गाडी काढायला गेली, पण मी पायरीवर आडवा पडून सांगितलं, आधी पंचांना विचारा. आयव्हरना बोलवावं लागलं नाही, ते फाटकातच होते. त्यांनी निकाल दिला, नेणं ही दया आहे, पण हॉर्न वाजवायचा नाही.  गाडीतली वीस मिनिटं, खरं सांगायचं तर, फार शांत गेली.
कर्नलला काही झालं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर. संध्याकाळी ५.
भेटीची वेळ दोन ते चार. कोणी आलं नाही. रविवारी गाडी चर्चखेरीज कुठेही न्यायची नाही, मग कोणी का मरेना; शब्द माझेच. म्हणजे नियम पाळताहेत. अभिमान वाटला. घड्याळाकडे पाहिलं नाही. तीन पाच. तीन वीस. तीन चाळीस.
चारनंतर नर्स उशी नीट करायला आली. म्हणाली, आजोबा, काही झालं तरी कूस बदलायची नाही. आणि आठवली. पासष्ट वर्षांनी.
थांब वाऱ्या, दार ओढ,
थांब लाटे, पाय पूस,
आज कुणाला काम नाही,
झोप पुन्हा, बदल कूस.
एवढंच होतं. यासाठी बारा पट्टे खाल्ले.

सोमवार, १४ ऑक्टोबर. दुपार.
सगळे आले होते. सोबत गार बटाटे, माझे आवडते. पोरींच्या अंगावर एकही पट्टी नाही. मारसालीने सांगितलं, बाबा, काल आम्ही चर्चला गेलो. आईंच्या बाकावर, चौघं. पोरींनी स्तोत्रं म्हटली, पेपरमिंट अर्धी-अर्धी वाटून खाल्ली. घरी येऊन जेवलो. रुअरी खुर्चीतच झोपला, पोरी त्याच्या पायाशी. कर्नल अंगणात होता, त्याला काय करायचं ते त्याने केलं. संध्याकाळपर्यंत कुणाचा आवाज चढला नाही. आयव्हर विचारायला आले, की सगळे बरे आहात ना.
मी म्हटलं, बघा, योजना बरोबर होती. वेळ लागतो. मग सहज विचारलं, माझ्या जागेवर काय ठेवलं होतं. यूना म्हणाली, ओले कोट.
इतक्यात डॉक्टर आले. म्हणाले, प्रगती छान आहे, येत्या शनिवारी घरी सोडू. रुअरी खिडकीबाहेर बघत होता. तसाच उभा राहून त्याने विचारलं, सोमवारी न्यायला आलो तर चालेल का.
डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हटलं. ही गरज की दया, ते विचारलं नाही.