हाव म्हणायची सवय

३ जानेवारी

उमाशंकरनं आज टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्या हातातला रिमोट घेऊन! काहीतरी बोलला पण — तोंड हललं एवढंच दिसलं. मी मान डोलवून हाव म्हणालो. गेला निघून. धाकटा भाऊ हाय म्हणून सोडला, न्हाईतर दिली असती एक.

घरात माणसं चार आणि बोलायला कुणी न्हाई. नागम्मा होती तोवर बरं होतं. समोर उभी राहून, हातवारे करून, चिडून का होईना, बायको सगळं सांगायची. ती गेल्यापासून एवढी फुरसत कुणाला? एकदा परत विचारलं की भावजयीच्या, अंबिकाच्या, कपाळाला आठी. अजून एकदा विचारलं की म्हणते, जाऊ द्या भावजी, काही न्हाई. हे 'काही न्हाई' मला ओठांवरून बरोबर कळतं! म्हणून विचारायचंच सोडलं. हाव म्हणतो. समोरच्याचं काम होतं, आपली लाज राहते.

५ जानेवारी

उजवा कान ठणकतोय. अंबिकानं लसूण घालून तेल कोमट करून दिलं. सोडलं. स्कूटरच्या किल्लीनं थोडा मळ बी काढला. मोकळं वाटलं.

८ जानेवारी

शिवानी आज डाळ मिलवर, माझ्या कामावर, आली होती. उमाशंकरची पोरगी, लातूरला बी.फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. मला दोड्डप्पा म्हणते — आमच्या उदगीरकडं थोरल्या काकाला कानडीतून असंच म्हणतात. पोत्यांच्या थप्पीला टेकून माझ्याजवळ बसली. मान खाली घालून लई वेळ बोलत होती. मिल चालू, ओठ दिसेनात. मधेच ओढणीनं नाक पुसलं — डाळीच्या धुरळ्यानं तिथं सगळ्यांचंच नाक गळतं.

मला वाटलं कॉलेजची सहल असंल, बापाची परवानगी पाहिजे असंल. डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, "हाव बेटा, हाव. मी हाय ना!"

एवढी हसली पोरगी! पाया पडून गेली.

कितीतरी दिवसांनी माझ्याजवळ बसून कुणी एवढं बोललं. आज रात्री जेवण गोड लागलं.

१८ जानेवारी

शिवानीची सोयरीक जमली! निलंग्याचं घर, आडतीचं दुकान. बैठकीत मला मधोमध बसवलं. सुपारी फोडायच्या आधी घरच्या थोरल्याला तीनदा विचारायचं, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. त्यानं हाव म्हटल्याबिगर सुपारी फुटत न्हाई. सुपारी फोडायला आलेल्या स्वामींनी माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं. सगळे माझ्याकडं बघायले म्हणजे पाळी माझी — एवढं कळतं मला! तिन्ही वेळा खणखणीत हाव म्हणालो. उमाशंकरनं मिठी मारली. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

शिवानी दारात उभी होती. माझ्याकडंच बघत होती. मग आत गेली. लाजली असंल.

२३ जानेवारी

शिवानी चार दिवस सुट्टी काढून घरी हाय, पण माझा चहा आणायची बंद झाली. अंबिका आणून आदळते.

३० जानेवारी

शिवानी लातूरहून परत आलीय. माझ्या खोलीवरून जाते, आत बघत न्हाई. मी काय केलं? विचारलं तर उत्तर ऐकू यायचं न्हाई. मग विचारून तरी काय करू!

६ फेब्रुवारी

कानातून पाणी यायलंय. घाण वास. एसटीनं एकटाच लातूरला गेलो. डॉक्टर भला माणूस, सगळं कागदावर लिहून दाखवलं. किल्लीनं पडद्याला भोक पाडून घेतलंय, त्यात तेल गेलं, पू झाला. आता कानात काहीच घालायचं न्हाई, आंघोळीला कापूस लावायचा. आणि मिलच्या आवाजानं दोन्ही कानांच्या आतल्या नसा केव्हाच्याच कामातून गेल्यात. बारीक आवाज आधी जातात म्हणे. बायका-पोरींचे. मिलमध्ये कानाला काही लावत नव्हता का, असं विचारलं. हसलो. कोण लावतं?

तपासणीला एका बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटन दाबायचं. मी आपला दाबत राहिलो. बाहेर आल्यावर तिथल्या मुलीनं लिहून दाखवलं — आजोबा, मधे मी आवाज दिलाच नव्हता.

इथंबी हाव! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ फेब्रुवारी

डाव्या कानाला मशीन बसवलं. पंख्याला आवाज असतो! चपलेला असतो! आणि मी बोलतो केवढ्यानं — बाप रे, हे लोक कसं सहन करत होते?

१ मार्च

शिवानी रविवारची आली. मी तिला खोलीत बोलावलं, कान दाखवला. म्हणालो, बोल आता, सगळं ऐकू येतंय.

दार लोटून समोर बसली. मग सांगितलं. मिलमध्ये तिनं हेच सांगितलं होतं. हे स्थळ नको. लग्नानंतर नोकरी करू देणार न्हाईत, परीक्षाबी देऊ देतील का माहीत न्हाई. अप्पा माझं ऐकत न्हाईत, तुम्ही बैठकीत न्हाई म्हणा.

"तुम्ही हाव म्हणलात. मी हाय ना, म्हणलात. म्हणून मी गप बसले."

मी म्हणालो, पोरी, मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

"मग तसं म्हणायचं ना, दोड्डप्पा."

तिचा आवाज किती दिवसांनी ऐकला, आणि ऐकला तो हा.

२ मार्च

जेवलो न्हाई.

४ मार्च

उमाशंकरला खोलीत घेऊन सगळं सांगितलं. त्याचं एकच — चार माणसांत तुम्हीच हाव म्हणलात अण्णा, आता घरात कुजबुजून काय उपयोग? रविवारी बस्ता हाय, गप चला.

खरंय त्याचं. चार माणसांतच बोलावं लागंल. पण मग भाऊ जातो. नागम्मा न्हाई, लेकरूबाळ न्हाई. तोच एक उरलाय माझा. ह्या वयात दुसरं घर कुठलं?

८ मार्च

लातूर. बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं कापडदुकानात गादीवर बसली. पहिली साडी उलगडायच्या आत मी उठलो. न्हाई म्हणालो. पोरीला मान्य न्हाई, तिनं मला आधीच सांगितलं होतं, मला ऐकू आलं न्हाई आणि मी ते लपवलं — सगळं बोललो. उमाशंकर भर दुकानात तोंडाला येईल ते बोलत सुटला. शेवटी म्हणाला, आजपासून मला थोरला भाऊ न्हाई. मशीन बंद करायला हात कानापर्यंत गेला होता. खाली घेतला. सगळं ऐकलं.